माथेरानची हातरिक्षा आणि आमच्या गल्लीतली सिक्लो

माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं आणि आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, माणसाने माणसाला ओढायचं ही लाज. दुसऱ्याचं, मग माथेरानचं माथेरानपण ते काय राहिलं? मी राहतो नॉम पेन्हला, कंबोडियाच्या राजधानीत. मला दोघांचंही अर्धंच पटतं.

इथे सिक्लो असते, म्हणजे तीनचाकी सायकलरिक्षा. प्रवासी पुढे उघड्यावर, पेडल मारणारा मागे उंच सीटवर. आता मोजक्याच उरल्यात. जागा घेतली ती बजाजच्या तीनचाकींनी. लोक त्यांना ‘बाजाज’च म्हणतात. आपली रिक्षा इथे बघून माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू! पण कोपऱ्यावरच्या सिक्लोवाल्या आजोबांना विचारलं, तुम्ही का नाही घेतली? ते हसले. या वयात कर्ज कोण देणार, आणि मोबाइलवरचा नकाशा कोण वाचणार?

आमच्या घरमालकिणीच्या आईला सगळे ‘याय’ म्हणतात, म्हणजे आजी. माहेर दक्षिणेतल्या ताकेओकडचं. त्यांच्या लहानपणी पावसाळा सरल्यावरच्या कोरड्या दिवसांत भाताने भरलेल्या बैलगाड्यांची रांग तोन्ले साप नदीच्या काठाला निघायची. भात देऊन मासळी घ्यायची, खारवायची. वर्षभराच्या प्राहोकची, म्हणजे खारवून आंबवलेल्या मासळीची, बेगमी. रात्री गाडीखालीच झोपायचं. मी त्यांना आपल्या बैलगाडा शर्यतीचा व्हिडिओ दाखवला, तर म्हणाल्या, “रिकाम्याच पळवता?”

पुढे लग्न होऊन याय नॉम पेन्हला आल्या. 17 एप्रिल 1975 ला ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि शहर रिकामं करायला लावलं. लोक मोटारी ढकलत निघाले होते, याय पायी. काही महिन्यांनी मालगाडीच्या डब्यात कोंबून त्यांना वायव्येला बातदंबाँगकडे नेलं. 1979 मध्ये परतल्या त्याही बऱ्याचशा पायीच. बैलगाडीची आठवण येते का, विचारलं. “बैलांची येते.”

त्याच बातदंबाँगची नोरी बघा. बांबूचा तराफा, खाली दोन आस, एक छोटं इंजिन. आगगाड्यांचा भरवसा उरला नाही तेव्हा गावकऱ्यांनी ती रुळांवर चालवली. समोरून दुसरी आली, की कमी ओझ्याची सुटी करून बाजूला ठेवायची. शेवटी शेवटी तिच्यावर पर्यटकच जास्त बसायचे. रूळ दुरुस्तीला घेतले, 2017 मध्ये ती तिथून हटली, आणि आता मुद्दाम टाकलेल्या वेगळ्या रुळांवर फक्त पर्यटकांना फिरवते. वारसा म्हणून जपलेली नोरी मला तरी जत्रेतल्या पाळण्यासारखी वाटते.

माथेरानच्या निकालात आणखी एक गोष्ट आहे: गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा भाड्याने द्याव्यात, आणि त्या आज रिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात. हे नीट झालं तर आमच्या कोपऱ्यावरच्या आजोबांची गत तिथे कुणाची होणार नाही. ग्रुपवर त्याबद्दल अजून एकही मेसेज नाही.

याय बाजारातून येतात त्या अजून सिक्लोनेच. बाजाजमध्ये वाकून शिरावं लागतं, आणि त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही.