आधार आहे, मग जनगणना कशाला? या प्रश्नाला मुद्देसूद उत्तर

जनगणनेचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारकडे आधार आहे, रेशनकार्ड आहे, मतदारयादी आहे. या याद्या संगणकात एकत्र केल्या की लोकसंख्या हातात येते. प्रगत देश तेच करतात. मग ११,७१८ कोटी रुपये खर्चून सुमारे ३० लाख कर्मचारी दारोदार कशाला पाठवायचे?

ऐकताना पटतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘आधारवरून माणसं मोजता येतात.’

आधारमध्ये माणसाची नोंद होते, पण तो वारला की नाव आपोआप निघत नाही. देशात एकट्या २०२० साली ८१ लाखांहून जास्त मृत्यू नोंदले गेले. आणि योजना सुरू होऊन जवळपास १५ वर्षं झाल्यावर, जुलै २०२५ मध्ये आधार प्राधिकरणाने जाहीर केलेला मृतांच्या बंद केलेल्या क्रमांकांचा आकडा होता सुमारे १ कोटी १७ लाख. त्यानंतरही हे काम चालूच राहिलं. शिवाय घरात कोण कोणाचं कोण लागतं, कोण काय काम करतं, गाव का सोडलं, यातलं काहीही आधारमध्ये नसतं. जनगणना म्हणजे नुसती डोकी मोजणं नव्हे.

‘एका यादीत नसेल तो दुसरीत सापडेल.’

सगळ्यात फसवा मुद्दा हा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. बीडच्या एखाद्या ऊसतोड जोडप्याचं उदाहरण घ्या. रेशनकार्ड गावचं, आधारवरचा पत्ता गावचा, मतदारयादीत नाव गावात. जनगणनेची माणसं मोजण्याची फेरी फेब्रुवारीत असते आणि तेव्हा गळीत हंगाम चालू असतो. त्या दिवसांत हे जोडपं सांगली-कोल्हापूरकडे किंवा थेट कर्नाटकात, उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतं. बरोबर धाकटं मूल असतं. त्याचं नाव बहुतेक वेळा अजून रेशनकार्डावर चढलेलं नसतं, आणि मतदारयादीत तर ते असणारच नाही. तीन याद्या एकत्र केल्या तरी हे कुटुंब गावातच दिसणार आणि मूल, त्याचं आधार काढलेलं नसेल तर, कुठेच दिसणार नाही. तिन्ही याद्यांची चूक एकच असेल, तर त्या एकमेकींवर ताडून ती सापडत नाही.

ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची वहीही पाहा. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दिली की तो नवराबायकोची मिळून ‘एक कोयता’ अशी नोंद करतो. त्याच्या हिशेबाला तेवढं पुरतं. कुठल्याही कार्यालयाची नोंद अशीच असते: ठेवणाऱ्याला जे लागतं तेच तिच्यात उतरतं. शिधापत्रिका धान्यासाठी, मतदारयादी मतदानासाठी. माणूस आज कुठे झोपतो हे विचारणं त्यांपैकी कोणाचंच काम नाही. जनगणनेत मात्र बेघर माणसांसाठीही एक रात्र राखून ठेवलेली असते. २०११ साली ती २८ फेब्रुवारीची होती.

आणि रेशनची यादी तरी स्वतंत्र कुठे आहे? अन्नसुरक्षा कायद्याखालचा सुमारे ८१ कोटी लाभार्थ्यांचा कोटा ठरला तो २०११ च्या जनगणनेवरूनच. त्यानंतर लोकसंख्या वाढली, कोटा तिथेच राहिला. जी यादी जुन्या मोजणीच्या मापाने कापली आहे, तिच्यावरून नवी मोजणी कशी करणार?

‘प्रगत देश असंच करतात.’

काही करतात. डेन्मार्कने १९८१ साली संपूर्ण जनगणना घरोघरी न जाता सरकारी नोंदवह्यांवरून केली. पण तिथे १९६८ पासून प्रत्येकाची मध्यवर्ती नोंद आहे आणि घर बदललं की पाच दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे भाड्याची खोली बदलल्यावर कोण कोणाला कळवतं?

पत्ता कळवण्याचा कायदा असूनही काय होतं, ते जर्मनीने दाखवलं. २०११ मध्ये त्यांनी नोंदवह्या आधाराला घेतल्या, पण सोबत सुमारे दहा टक्के लोकांची घरोघरी पाहणीही केली. लोकसंख्या आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे १५ लाखांनी कमी निघाली. त्यातले ११ लाख परदेशी नागरिक होते: देश सोडून गेलेले, पण वहीतून न निघालेले. दारावर जाऊन पाहिलं म्हणून हे कळलं.

‘लोक प्रगणकाला काहीही सांगतात, कागद खोटं बोलत नाही.’

यात थोडं तथ्य आहे. आपल्या जनगणनेत ० आणि ५ ने संपणाऱ्या वयांचे ढीग लागतात, कारण लोक अंदाजाने ‘चाळीस’, ‘पंचेचाळीस’ सांगतात. जन्मनोंदी हाताशी असल्या तर ही वयं दुरुस्त होतील. २०११ च्या मोजणीनंतरच्या तपासणीत दर हजारी २३ माणसं सुटल्याचंही दिसलं. शहरातल्या कुलूपबंद फ्लॅटांसमोर तीन-तीनदा जाऊनही हात हलवत परत यावं लागतं, तेव्हा सरकारी नोंदींची मदत जरूर घ्यावी. अमेरिकेने २०२० मध्ये उत्तर न देणाऱ्या घरांसाठी अशी मदत घेतली.

पण कागदही माणसाने सांगितलेलंच लिहितो, आणि तिथे लाभ तुटण्याची भीती असते. जनगणनेत ती असू नये म्हणूनच १९४८ च्या जनगणना कायद्यात कलम १५ आहे: तुम्ही दिलेली माहिती इतर कोणाला पाहता येत नाही आणि त्या कायद्याखालचे खटले सोडले तर पुरावा म्हणून वापरता येत नाही.

‘पैसा वाया जातो.’

खर्च माणशी शंभर रुपयांच्याही आत येतो, आणि त्या आकड्यांवर पुढची कित्येक वर्षं धान्य, मतदारसंघ, शाळा, दवाखाने ठरतात.

नोंदींची जोड द्यायचीच असेल तर तीन अटी हव्यात. आधी दारावर जाणं, नोंदी त्यानंतर. किती घरांची माहिती नोंदींवरून भरली, हे जिल्हावार जाहीर करणं. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: माहिती एकाच दिशेने जावी, कार्यालयाकडून जनगणनेकडे. जनगणनेत सांगितलेलं उलट जाऊन कोणाचं रेशनकार्ड रद्द करायला वापरलं जाऊ नये. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १९८३ मध्येच जनगणनेच्या उत्तरांवरून रहिवासी नोंदवह्या दुरुस्त करण्याची तरतूद रद्द केली होती. आपल्याकडेही हे नियमांत स्पष्ट लिहिलेलं असायला हवं, आणि १ मार्च २०२७ ही मोजणीची संदर्भतारीख उजाडण्याआधी.