त्या खोल्या निवांत नव्हत्या

खिडकीशी शिवणकाम करणारी बाई, पाळण्याशेजारी बसलेली आई, ओठांना कप लावलेली पाहुणी. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसची अशी चार-पाच इम्प्रेशनिस्ट (म्हणजे क्षणाचा उजेड आणि रंग टिपणाऱ्या शैलीतली) चित्रं एकत्र करून त्याखाली लिहिलेला मजकूर व्हॉट्सअॅपवर सारखा फिरत असतो. शब्द बदलतात, सांगणं तेच. त्या काळी बायकांच्या आयुष्यात निवांतपणा होता. पुरुष चित्रकार उजेडाच्या मागे बाहेर हिंडले, स्त्रिया मात्र हळव्या स्वभावामुळे घरातच रमल्या. त्यांची चित्रं साधी, सहज, गोड. चित्रकार मेरी कॅसॅटनं आई-मुलं रंगवली ती स्वतः आई न झाल्याच्या दुःखातून. आणि दुसरी चित्रकार बर्थ मोरिझो ही एद्वार माने या चित्रकाराची शिष्या, हे शेपूट बहुतेक वेळा असतंच. एकेक घेऊ.

‘निवांतपणा होता.’ कुणाला? पुरावा म्हणून हमखास जोडलं जातं ते मोरिझोचं ‘पाळणा’ हे चित्र. 1872 सालचं, आणि 1874च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात मांडलेलं. पाळण्यावर पातळ जाळी, आत झोपलेलं बाळ, शेजारी हनुवटीला हात लावून बसलेली आई. अनेकांना ती खुद्द मोरिझो वाटते. ती तिची बहीण एद्मा, आणि बाळ म्हणजे एद्माची मुलगी ब्लांश. या एद्माबद्दल पोस्टमध्ये अवाक्षर नसतं. दोघी बहिणी बरोबरीनं चित्रकला शिकल्या, लूव्हर संग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला केल्या आणि 1864 साली दोघींची चित्रं एकाच वेळी सलोंमध्ये, म्हणजे सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनात, लागली. 1869 मध्ये एद्मानं एका नौदल अधिकाऱ्याशी लग्न केलं, पॅरिस सुटलं आणि ब्रशही सुटला. त्यानंतर बहिणीला लिहिलेल्या पत्रांत ती जुन्या स्टुडिओची आठवण काढते. मन तिथेच घुटमळतं, असं कळवते. म्हणजे पाळण्याशी बसलेली ही बाई काल-परवापर्यंत चित्रकार होती, आणि तिला रंगवतेय ती चित्रकला न सोडलेली बहीण. हे कळल्यावर तो चेहरा नुसता ‘तृप्त’ म्हणून पाहता येतो का, ज्यानं त्यानं ठरवावं. मला त्यात तृप्तीपेक्षा थकवा जास्त दिसतो.

दुसरं उदाहरण घरातलं नाही, बागेतलं आहे, पण निवांतपणाच्या हिशेबात ते यायलाच हवं. मोरिझोची मुलगी ज्युली 1878च्या नोव्हेंबरात जन्मली. पुढे मोरिझोनं एक चित्र काढलं: पगारी दाई लहानग्या ज्युलीला अंगावर पाजतेय. बाळ चित्रकर्तीचं, दूध पगारावर ठेवलेल्या बाईचं. एक बाई पाजण्याचं काम करतेय, दुसरी समोर उभी राहून रंगवण्याचं. दोघींच्याही हाताला उसंत नाही. आणि दाईपण ही फ्रान्समध्ये तेव्हा इतकी पसरलेली मजुरी होती की दायांकडे ठेवलेल्या लहान मुलांवर देखरेख ठेवण्यासाठी 1874 साली तिथे वेगळा कायदा करावा लागला. अशा कामासाठी शहरात येणाऱ्या बाईचं स्वतःचं मूल बहुतेकदा गावाकडेच राहायचं. ते कुठल्याच चित्रात येत नाही.

मोरिझोचंच 1886 सालचं ‘जेवणघरात’ पाहा. खोलीच्या मधोमध एप्रन बांधलेली मोलकरीण उभी आहे, मागे कपाटाचं दार उघडंच, पायाशी छोटं कुत्रं. ती थेट आपल्याकडे बघतेय, जणू आपणच तिच्या कामाच्या मध्ये आलोय. सुखवस्तू घरातल्या शांततेमागे कुणाचे हात होते, ते मोरिझोनं लपवलेलं नाही. आपणच चित्र फिरवताना मोलकरीण गाळतो आणि खिडकीजवळची मालकीण ठेवतो.

‘हळव्या स्वभावामुळे घरात रमल्या.’ इथे स्वभावापेक्षा व्यवस्थेकडे बघितलेलं बरं. पॅरिसच्या एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेत मुलींना प्रवेश मिळू लागला तो 1897 मध्ये. मोरिझो 1895 मध्येच वारली. माने, देगा आणि इतर चित्रकार मंडळी संध्याकाळी कॅफे गेर्ब्वामध्ये बसून कलेवर वाद घालत. मोरिझोच्या घराण्यातल्या मुलीला तिथे जाऊन बसणं शक्यच नव्हतं. लूव्हरमध्ये नकला करायला जातानाही आई किंवा दुसरं कुणी सोबत लागे. वावर जिथे, विषय तिथे. एवढ्यापुरतं पोस्टचं निरीक्षण खरं आहे, कारण मात्र साफ उलटं.

शिवाय ‘पुरुष बाहेर’ हेही अर्धंच. मोनेनं 1868 मध्ये जेवणाच्या टेबलाशी बसलेलं आपलं कुटुंब चांगल्या भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंगवलं. रन्वारनं रंगवलेली मादाम शार्पांतिये स्वतःच्या दिवाणखान्यातच बसलीय. आणि कायबोतचं 1880 सालचं चित्र तर या पोस्टवाल्यांनी एकदा जरूर बघावं. पुढे बायको वर्तमानपत्र वाचतेय, मागे सोफ्यावर नवरोबा आडवे होऊन पुस्तक वाचताहेत, आणि ते इतके चिमुकले दिसतात की तेव्हाच्या समीक्षकांनी त्यावरून थट्टा केली. घरात रेंगाळणारा पुरुष आणि जगाची खबर ठेवणारी बाई! कॅसॅटनं 1878 मध्ये आपल्या आईला रंगवलं तेही नाकावर चष्मा चढवून ‘ल फिगारो’ हे वर्तमानपत्र वाचताना. मांडीवर ना मूल, ना लोकर.

‘साधी, सहज, गोड.’ कॅसॅटच्या ‘चहा’ या 1880च्या चित्रात पाहुणीनं हातमोजे, टोपी काही काढलेलं नाही आणि कपानं तिचा अर्धा चेहरा झाकलाय. यजमानीण भलतीकडेच बघतेय. चांदीची किटली-बशा मात्र बायकांपेक्षा जास्त भाव खातात. यात गोडवा शोधायला साखर आपल्याच घरून न्यावी लागेल.

सहजतेचं म्हणाल तर 1890ची गोष्ट आहे. जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन पॅरिसमध्ये भरलं. कॅसॅटनं मोरिझोला पत्र लिहून ते चुकवू नकोस म्हणून बजावलं. भरलं होतं कुठे, तर त्याच एकोल दे बोझारमध्ये! विद्यार्थिनी म्हणून ज्या दारातून या दोघींना आत घेतलं नसतं, तिथून त्या प्रेक्षक म्हणून आत जाऊ शकत होत्या. त्यानंतर कॅसॅटनं दहा रंगीत छापचित्रांचा संच केला: पत्र बंद करणारी बाई, शिंपिणीकडे माप देणारी बाई, मुलाला अंघोळ घालणारी बाई. एकेका चित्रासाठी तांब्याचे अनेक पत्रे, प्रत्येक ठशाच्या वेळी पत्र्यावर हातानं रंग भरायचा, पत्रे एकमेकांवर तंतोतंत बसवायचे, आणि अशा प्रत्येकी पंचवीस प्रती. सोबतीला एक कसलेला छपाईगार होता, तरी स्वतः यंत्राशी उभं राहून केलेलं हे अंगमेहनतीचं काम होतं.

‘आई न झाल्याचं दुःख.’ या दाव्याचा मला खरा राग येतो. देगानं आयुष्यभर नर्तकी रंगवल्या. त्याला नाचता येत नव्हतं म्हणून तो झुरत होता, असं कुणी लिहीत नाही. कॅसॅटनं लग्न केलं नाही हे खरं. पण 1880च्या आसपासची तिची चित्रं बघितली तर त्यात नाट्यगृह, चहा, वाचन, विणकाम हेच जास्त सापडतं. आई-मूल हा तिचा मुख्य विषय झाला तो त्यानंतर, आणि त्यासाठी बसणाऱ्या बायका अनेकदा पैसे देऊन बोलावलेल्या असत. वडिलांनी आधीच बजावलं होतं की स्टुडिओचा खर्च तिनं चित्रविक्रीतूनच भागवला पाहिजे. तो तर भागलाच, शिवाय 1894 मध्ये तिनं पॅरिसबाहेर बोफ्रेन नावाचा वाडा विकत घेतला. 1915 साली न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीला मदत म्हणून एक प्रदर्शन भरलं, त्यात तिची चित्रं मांडली होती. दुःखात बुडालेल्या बाईचा हा जमाखर्च नव्हे.

राहिला माने (आपल्या साताऱ्याकडचा नव्हे, पॅरिसचा एद्वार). मोरिझोची आणि त्याची ओळख 1868च्या सुमारास झाली. तोवर तिची चित्रं सलोंमध्ये लागू लागून चार वर्षं झाली होती. आई आणि बहीण यांच्या तिनं काढलेल्या चित्रावर मानेनं 1870 मध्ये आपला ब्रश फिरवला, तेव्हा ती कृतज्ञ वगैरे झाली नाही, चांगलीच वैतागली. पुढे त्याच्या भावाशी, यूजेनशी, तिनं लग्न केलं. इम्प्रेशनिस्टांच्या आठ प्रदर्शनांपैकी सातांत ती होती. चुकलं ते फक्त 1879चं, ज्युलीच्या जन्मानंतरचं. माने एकाही प्रदर्शनात नव्हता.