जोरात खोकल्याने हार्ट अटॅक थांबत नाही

"एकटे असताना अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचतो," हा मेसेज आमच्या तालमीच्या ग्रुपवर फिरतोय. कृपया पुढे पाठवू नका.

अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद होते. ती खोकून उघडत नाही. आणि हृदय बंदच पडलं, तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, खोकणार कुठून? हा उपाय कधी वापरलाच तर कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या खोलीत), मॉनिटर लावलेल्या पेशंटवर, डॉक्टर समोर असताना.

मेसेजमध्ये याला 'सीपीआर' म्हटलंय. आपल्या कोल्हापुरात सीपीआर म्हणजे थोरला दवाखाना, म्हणून सांगतो: खरा सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, दुसऱ्यानं द्यायचा असतो, बेशुद्ध आणि श्वास थांबलेल्या माणसाला. छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब.

शेजारचे काका घामानं डबडबून पायरीवर बसले होते, डावा हात चोळत. "पित्त झालंय, सोडा द्या," म्हणाले. तासभर त्यातच गेला. असं दिसलं की लगेच १०८ लावा. पेशंटला चालवू नका, गाडीही चालवू देऊ नका.