भाऊबीज २०२०: एक तारा देणाऱ्या दादांना मालकाचं उत्तर

नमस्कार दादा,

भाऊबीजेला दुपारी तुम्ही घरच्या मंडळींना घेऊन आमच्याकडं जेवलात आणि रात्री ऑनलाइन अभिप्रायात एक तारा दिलात. तक्रारी अशा: निम्मी टेबलं रिकामी असताना तासभर बाहेर उभं केलं, नऊ जणांना एकत्र बसू दिलं नाही, थाळीत कोशिंबीर नव्हती, वाढपी सणादिवशीही तोंड पाडून होते आणि त्यातला एक मोबाइलवर होता.

टेबलांचं आधी सांगतो. कोरोनाच्या लॉकडाऊननंतर ५ ऑक्टोबरला हॉटेलं उघडली ती निम्म्या क्षमतेच्या अटीवर. म्हणून सोळातली आठच टेबलं लावतो. त्यात यंदा पाडवा आणि भाऊबीज १६ नोव्हेंबरला एकत्र आले, आणि मार्चपासून बंद असलेलं अंबाबाईचं देऊळही त्याच दिवशी उघडलं. दर्शन झालेला माणूस महाद्वार रोडवरनं सरळ जेवायलाच येतो. 'टेबलं जोडा, आम्ही सगळे एकाच घरातले' असं तुम्ही म्हणालात. भाऊबीज होती दादा, त्या दिवशी दारात आलेला प्रत्येक जण एकाच घरातला होता.

कोशिंबिरीचं म्हणाल तर सरकारच्या नियमावलीतच आहे, शक्यतो शिजवलेलंच द्या, कच्चं टाळा. कांदा महागला म्हणून आम्ही वाचवला, असं तुम्ही लिहिलंय. महागलाय खरा, पण वाचवायचा असता तर कांदाभजी आधी बंद केली असती.

आता पोरांचं. नाकावर मास्क आणि त्यावर प्लास्टिकची शील्ड असताना कुणाचं तोंड पडलेलं आहे हे कळलं कसं? पुऱ्या तळणाऱ्या मावशींची शील्ड वाफेनं इतकी धुरकटते की पुरी फुगली का हे त्या झाऱ्यानं दाबून बघतात. वाढणाऱ्याचा मास्क घामानं भिजला की श्वास घेताना तोंडाला चिकटतो, निम्मं लक्ष त्यातच जातं. तुम्ही आमटी म्हणालात आणि त्यानं बासुंदी आणली, ती त्यामुळंच. (बासुंदी परत गेली नाही, हेही लक्षात आहे.)

मोबाइलवरचा पोरगा चंदगडकडचा. घरी म्हातारी आजी आहे, दिवसभर एवढ्या माणसांत वावरून तिच्याजवळ जायला नको म्हणून दिवाळीला तो इथंच राहिला. बहीण तिकडून व्हिडिओ कॉलवर ओवाळत होती. मोबाइल पाण्याच्या जगला टेकवलेला आणि हातात तुमच्याच टेबलाच्या वाट्या. दोन मिनिटं गेली असतील. मी त्याला काही बोललो नाही, बोलणारही नाही.

'सणाला हॉटेल उघडं ठेवायची हौस कशाला?' असंही विचारलंय. सहा महिने नुसत्या पार्सलवर गल्ला चालवलाय. दिवाळीही सोडली तर पगार कशातनं करायचे? ज्यांना गावी जायचं होतं त्यांना सोडलं, राहिले त्यांना दुप्पट रोज दिला. मार्चात गेलेली काही पोरं तर अजून परतलीच नाहीत. त्यामुळं वाढायला चौघंच होते, वेळ लागला तो त्यानंही.

पैसे परत मागितलेत, ते मिळणार नाहीत. नऊ थाळ्या चाटूनपुसून परत आल्यात.

पुढच्या वेळी निघताना फोन करा. शेजारशेजारची तीन टेबलं धरून ठेवतो, तिघं-तिघं बसा. फक्त मास्क हनुवटीवर नको, नाकावर घ्या.

मालक
महाद्वार रोड, कोल्हापूर