मुद्दा ठरवतं कोण?

आपण पुरोगामी लोक मुद्दे कसे निवडतो यावर एकदा खरं खरं बोलूया का? बैठकीत सगळे म्हणतात, ज्याच्यावर अन्याय जास्त त्याचा विषय आधी. प्रत्यक्षात आधी बघितलं जातं ते समोर कोण आहे. समोर भाजप-संघ असला की अर्ध्या तासात पोस्टर तयार, आणि आपल्या ओळखीतला कुणी निघाला की "विषय गुंतागुंतीचा आहे, अभ्यासगट नेमू". त्या अभ्यासगटाचं पुढं काय होतं ते सगळ्यांनाच माहितीये 😀

२०१९ आठवा. ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने मुंबईच्या आरेत मेट्रो कारशेडसाठी होणाऱ्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालल्या, पोरं धावत पोचली, २९ जणांना अटक झाली. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली तोवर २,१४१ झाडं गेली होती. लढाई खरीच होती, त्या पोरांबद्दल मला आदरच आहे.

पण त्याच वर्षी बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या येत होत्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडनं उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली, एक खाडा झाला की पाचशे रुपये कापणार. फडावर ना संडास ना धड पाणी, पाळीत कितीही दुखलं तरी मोळ्या उचलायच्याच, आणि डॉक्टरकडे गेलं की तो कॅन्सरची भीती घालणार, मग पंचविशी-तिशीतली बाई पिशवी काढून परत फडात. नीलम गोऱ्हेंच्या समितीने ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली तर १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. मकाम (महिला किसान अधिकार मंच) सारख्या संघटना आणि काही पत्रकार यावर चिकाटीने काम करत होते. आपण काय केलं? निवेदन दिलं, फोटो काढला, संपलं.

कारण कारखाने सगळ्याच पक्षांचे. यातले कितीतरी साखरसम्राट आपल्या व्यासपीठावर फुले-शाहू-आंबेडकर म्हणतात, आपले अर्धे प्राध्यापक मित्र त्यांच्याच शिक्षणसंस्थेत नोकरीला, संमेलनाचा हॉलपण तिथलाच. कोण तोंड उघडणार? शिवाय आरेला लोकलने जाता येतं, आणि बीडची बाई सहा महिने सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात, तिला शोधायची कुठे आणि लाइव्ह कुठनं करायचं.

माणसं कमी, पैसा कमी, सगळं कसं घेणार, हे मला मान्य आहे, निवड करावीच लागते. पण बाबा आढावांच्या हमाल पंचायतीत, म्हणजे पुण्यातल्या हमालांच्या संघटनेत, मुद्दा वर्गणी भरणारा हमाल ठरवायचा. पोत्याचं वजन, हमालीचा दर, दुपारचं जेवण. १९६९ चा माथाडी कायदा असल्याच मागण्यांतनं आला, १९७४ ला 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचं केंद्र निघालं. ट्रेंडिंग होईल असं यात काय होतं सांगा. आपल्याकडे मुद्दा ठरवणारा वेगळा आणि भोगणारा वेगळा, आणि भोगणाऱ्याला बैठकीचं निमंत्रणपण नसतं.

म्हणून ग्रुपवर टाकलंय की हंगाम सुरू व्हायच्या आधी, उचल वाटली जाते तेव्हाच बीडला जाऊ, दोन-चार तांड्यांवर बायकांशी बोलू आणि पुढची बैठक तिकडेच घेऊ. दोघांनी अंगठा टाकलाय. तिसऱ्याने विचारलंय, प्रेसला आत्ताच कळवायचं का.