पाटल्या ताईने नेल्या नव्हत्या

हे ताईला विचारून लिहितेय. आधी दोनदा नको म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली लिही पण माझं नाव टाकू नको, म्हणून नाव नाही. पण आमच्या नातेवाईकांपैकी जे जे इथे आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा, हात जोडून सांगते, कारण हे मुळात तुमच्यासाठीच आहे.

२००८ च्या एप्रिलमध्ये ताईने जातीबाहेर लग्न केलं, रजिस्टर. त्या कायद्यात लग्नाची नोटीस तीस दिवस ऑफिसच्या बोर्डावर लागते, ती बाबांच्या कुणा ओळखीच्याने वाचली आणि घरी येऊन सांगितलं. पुढे आमच्या घरात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्याच वर्षी भाद्रपदात महालक्ष्म्या (गौरी) बसल्या आणि थोरल्या महालक्ष्मीच्या हातात आईच्या पाटल्या नव्हत्या. दरवर्षी आई स्वतःच्या हातातल्या काढून थोरलीला घालायची, चार तोळ्यांच्या, तिच्या माहेरच्या, एक पाटली एका बाजूने जराशी चेपलेली. त्या वर्षी बेन्टेक्सच्या घातल्या होत्या. कुणीतरी विचारलं तर एक काकू म्हणाली, गेली ती घेऊनच गेली. आई तिथेच पाट्यावर पुरण वाटत होती, तिने मान वर केली नाही. झालं, त्या दिवसापासून ताई चोर.

मी काय केलं तेही लिहिते. डिसेंबरमध्ये माझं लग्न होतं. ताईचा फोन आला, मी फक्त अक्षता टाकायला येते गं, मागेच उभी राहीन, कुणाला दिसणार पण नाही. मी म्हटलं, आधी पाटल्या आण मग ये. तेवीस वर्षांची होते, पण तेवीस वर्षांच्या माणसाला कळतं आपण काय बोलतोय ते. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली सुखात राहा, आणि फोन ठेवला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. बाबा गेले तेव्हा ती दारातूनच परत गेली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आई गेली तेव्हा दोन तास आईच्या पायाशी बसली आणि पाणीसुद्धा न पिता निघाली.

आई गेल्यावर अकोल्याचं घर बंदच होतं. पहिल्या वर्षी तर महालक्ष्म्या बसवायचा प्रश्नच नव्हता. २०२५ मध्ये सगळे म्हणायला लागले, भाऊ नाही, पोरी आपापल्या सासरी, आता कोण करणार, मुखवटे नदीत शिरवून टाका. मला पण तेच सोपं वाटलं, खरं सांगते. म्हणून ऑगस्टमध्ये सुट्टी काढून गेले आणि पत्र्याची पेटी उघडली. दोघी आईच्या जुन्या लुगड्यात एकमेकींना टेकून बांधलेल्या. खाली एक प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात सराफाची पावती. ऑगस्ट २००८. सोन्याच्या पाटल्या, दोन नग, मोड. सोनं तेव्हा तोळ्याला बारा हजारांच्या आसपास होतं. खाली आईची सही, शाळेतल्या पोरीसारखी एकेक अक्षर सुटं काढलेली. मागे बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, वरखर्च, पहिला हप्ता.

वरखर्च माझ्या लग्नाचा. थोरल्या मुलीने असं केलंय म्हटल्यावर समोरच्यांनी मागणी वाढवली होती, आणि ते मला आता कळलं. हुंडाबंदी कायदा १९६१ चा आहे, त्यात घेणारा जसा गुन्हेगार तसा देणारा पण, आणि ४७ वर्षांनंतर आमच्या शिकल्यासवरल्या घरात हे चाललं होतं आणि त्याला वरखर्च असं साधं नाव होतं. आईच्या पाटल्या म्हणजे तिचं स्त्रीधन, कायद्याने फक्त तिचं, त्यावर बाबांचा पण हक्क नाही. तिने सही केली ती मनाने की दुसरा रस्ताच नव्हता म्हणून, हे विचारायला आता कुणी राहिलं नाही. नवऱ्याशी यावर माझं काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही, ते आमच्यातलं आहे.

त्याच पिशवीत पेपरच्या कागदाच्या पुड्या होत्या, प्रत्येकीवर पेनाने साल लिहिलेलं. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी हळदीच्या दोऱ्याला सोळा गाठी पाडतात, घरातल्या प्रत्येकीच्या नावाचा एक दोरा. आई दरवर्षी ताईच्या नावाचा पाडत होती आणि लपवून ठेवत होती. शेवटची पुडी २०२३ ची, म्हणजे जायच्या दोन महिने आधीची. मी त्या पुड्या मांडीवर घेऊन बसले आणि मला रडू नाही आलं, राग आला. दोरे ठेवलेस ना आई, मग एक वाक्य का नाही बोललीस? इतकी वर्षं देवीसमोर गाठ मारत होतीस आणि चार बायकांसमोर तोंड उघडता आलं नाही? हा राग अजून पूर्ण गेलेला नाही. आईवर माझं खूप प्रेम आहे आणि तिने ताईवर अन्याय केला, मला या दोन्ही गोष्टी म्हणायच्या आहेत.

संध्याकाळी ताईला फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलला. पावती वाचून दाखवली. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल, तर ती म्हणाली, मी नेल्या नाहीत हे मला माहीतच होतं ना, मग घरात राहिलं कोण? म्हटलं, इतकी वर्षं माहीत होतं तर बोलली का नाहीस? म्हणाली, तुझं लग्न होतं गं. मी माफी मागितली. ती म्हणाली, लगेच माफ केलं असं म्हणणार नाही, मला अजून राग आहे. आणि मग विचारलं, पुरण कोण घालणार आहे?

लोक मला म्हणतायत, माणसं गेली, आता कशाला उकरून काढते. मला हे पटत नाही. गेलं ते गेलं हे नेहमी ज्याचं काही गेलेलं नसतं तोच म्हणतो. बदनामी सगळ्या गोतावळ्यात झाली, मग माफी फोनवर गुपचूप कशी चालेल? म्हणूनच ही पोस्ट.

मी फार देवाचं करणारी कधीच नव्हते, आई सांगायची म्हणून करायचे. पण त्या ३१ ऑगस्टला बंद घर उघडून, रांगोळीची पावलं काढून, एक मुखवटा ताईच्या हातात आणि एक माझ्या हातात घेऊन आम्ही उंबऱ्यावर उभ्या राहिलो आणि आतून भाचीने विचारलं, कशाच्या पावलांनी आल्या, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना, ताईनेच सांगितलं सोन्याच्या पावलांनी. त्या क्षणी मला अगदी आतून वाटलं की या दोघींना सगळं माहीत होतं आणि त्यांनीच ती पेटी मला उघडायला लावली. कुणाला पटो न पटो. आमच्याकडे या बहिणींना जोडीनेच बसवतात, एकीला एकटी कधीच बसवत नाहीत, आणि मी लहानपणापासून हे ऐकत असून कधी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसायच्या आधी मी सगळ्यांसमोर पावती वाचली. काकू पण होती. ती काही बोलली नाही. उठली, ताईच्या पानात पोळी वाढली, तूप वाढलं, परत वाढलं, आणि हात तिथेच ठेवून उभी राहिली. ताईने तो हात बाजूला केला नाही. पुड्या तिने पर्समध्ये ठेवल्यात, अजून एकही उघडलेली नाही.

जे त्या दिवशी नव्हते त्यांच्यासाठी पावतीचा फोटो खाली टाकलाय, सराफाचं नाव झाकून. तुमच्यातल्या ज्यांनी ज्यांनी तिला तेव्हा काही म्हटलं असेल त्यांनी मला मेसेज करू नका, तिला फोन करा. नंबर माझ्याकडून घ्या, तिने द्यायला सांगितलंय. सातनंतर करा, तोवर ती शिकवणीत असते.