काँक्रीटला साडेतीन तारे

कोल्हापुरात बांधकामावरच्या इंजिनिअरला कुणी सीव्ही मागत नाही. 'कुणाचं काम केलंयसा?' एवढंच विचारतात. आपण एखाद्या इमारतीचं नाव सांगायचं. समोरचा डोळे बारीक करून म्हणतो, "जिच्या पार्किंगात गाडी वळत नाही ती?" आपण म्हणायचं, "पार्किंग आर्किटेक्टनं काढलंय." संपली मुलाखत. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत पगार ठरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आपण कुठल्यातरी फुटिंगच्या खड्ड्यात उभे असतो.

मीही असाच लागलो. डिप्लोमाचा निकाल लागला त्याच आठवड्यात मालकांकडं आलो आणि तिथंच मुरलो. मालक माणूस वाईट नाही. फक्त पगारवाढीचा विषय काढला की ते म्हणतात, "बिल निघू दे." सरकारी कामाचं बिल मार्चअखेरीला निघतं, आणि मार्चअखेर वर्षातून एकदाच येते, तीही निधी संपल्यावर. अशाच एका एप्रिलमध्ये पुण्याच्या एका मोठ्या कंपनीची जाहिरात मोबाइलवर आली. साइट इंजिनिअर पाहिजे. खाली लिहिलेलं, 'अद्ययावत सीव्ही पाठवा.' अद्ययावत करायला आधी काहीतरी असावं लागतं, हे त्या कंपनीच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं.

मी सवयीनं सीव्ही मेजरमेंट बुकासारखा, म्हणजे झालेल्या कामाची मोजमापं लिहायच्या एमबी नावाच्या वहीसारखा, लिहायला घेतला. एमबीचा कायदा सरळ असतो. जे जाग्यावर उभं आहे आणि टेप लावून मोजलंय तेवढंच लिहायचं. नग, लांबी, रुंदी, उंची. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करायची. व्हाइटनरला तिथं मज्जाव. त्याप्रमाणं लिहीत गेलो: कॉलम, नग 24. स्लॅब 223 चौरस मीटर, जाडी 125 मिलिमीटर, म्हणजे बीम सोडून सुमारे 28 घनमीटर. काँक्रीटचा ग्रेड एम-20, सिमेंट-वाळू-खडी एकास दीडास तीन, घनमीटरला आठ पोती धरली तर सव्वादोनशेच्या आसपास सिमेंट. तासाभरात माझी निम्मी कारकीर्द घनमीटरमध्ये आली. बायकोनं वाचून बघितलं आणि विचारलं, "अहो, यात तुम्ही कुठं आहात?"

शोधलं. नव्हतो.

मग बहिणीच्या मुलाला बोलावलं. तो कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. अजून नोकरी लागलेली नाही, पण सीव्ही तिसऱ्या सेमिस्टरपासून तयार आहे. त्यानं लॅपटॉपवर एक तयार नमुना उघडला. डावीकडं निळा पट्टा, त्यात गोल खिडकी फोटोसाठी. माझा बरा म्हणावा असा फोटो एकच, मेहुण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला. तो गोलात बसवला तर निम्मा फेटा कापला गेला आणि मी वरातीतून हाकलल्यासारखा दिसायला लागलो. फोटोखाली कौशल्यं होती आणि प्रत्येक कौशल्यापुढं पाच तारे. भाच्यानं मला न विचारताच रंगवून ठेवले होते. ऑटोकॅड चार तारे. एक्सेल चार. काँक्रीट टेक्नॉलॉजी साडेतीन.

"साडेतीन तारे म्हणजे कितीचा ग्रेड रे? एम-20 का एम-25?"

"मामा, ते अंदाजानं असतंय ओ."

"आणि हे लीडरशिप 85 टक्के?"

"ते पण."

आता काँक्रीटची ताकद अंदाजानं लिहिता येत नाही, हे मी त्याला समजावून सांगितलं. दीडशे मिलिमीटरचे घनाकृती ठोकळे भरायचे, पाण्यात ठेवायचे, काही सात दिवसांनी आणि बाकीचे अठ्ठावीस दिवसांनी मशिनमध्ये घालून फोडायचे. एका नमुन्याचे तीन ठोकळे, त्यांची सरासरी. एकट्या ठोकळ्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि इथं माझी लीडरशिप एकदाही न फोडता 85 टक्के भरली होती. भाचा म्हणाला, "मग काय लिहू?" मी म्हटलं, "सेंट्रिंगवाल्याला विचारून ये." त्यानं तारे पुसले.

निळा पट्टाही गेला, पण त्याचं कारण वेगळं. मोठ्या कंपनीत शेकड्यानं अर्ज येतात, त्यामुळं बऱ्याच ठिकाणी ते आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि मग माणूस. त्या सॉफ्टवेअरला दोन रकाने, चौकटी, चित्रं पचतातच असं नाही. डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटवून ते भलतंच वाचतं. भाच्यानं तपासून दाखवलं तर माझ्या नावापुढं 'फूटबॉल, ऑटोकॅड, विवाहित' असा हुद्दा आला होता. शिवाय ते जाहिरातीतले शब्द शोधतं. जाहिरातीत फॉर्मवर्क होतं आणि मी लिहिलं होतं सेंट्रिंग. जाहिरातीत बार बेंडिंग शेड्यूल, माझ्याकडं 'सळईचा हिशेब'. साधी पांढरी दोन पानं, वरून खाली एकच रकाना, सगळ्यात अलीकडचं काम सगळ्यात वर. हे मला पटलं. इमारत खालून वर जाते, पण बघणारा पहिल्यांदा वरचा मजलाच बघतो.

खरी लढाई कामाच्या वर्णनावरून झाली. भाच्यानं आपल्या त्या एआयला माझी माहिती घातली होती. त्यातून आलं, 'बहुशाखीय पथकाचं गतिमान नेतृत्व करून भागधारकांशी प्रभावी समन्वय साधला.' हे पथक म्हणजे एक गवंडी मेस्त्री, एक फिटर आणि एकमेकांचं तोंड न बघणारे दोन प्लंबर. भागधारक म्हणजे ज्यांचा बंगला त्या काकू. त्या रोज संध्याकाळी येऊन जिना दुसऱ्या बाजूला घ्यायला सांगायच्या. माझा समन्वय एवढाच, की जिना हलला नाही आणि काकूही तुटल्या नाहीत. पण हे कुठल्या ओळीत लिहायचं?

माझं म्हणणं असं, की बांधकामातल्या माणसाचा सीव्ही वाचणारा स्वतः कधीतरी चिखलात उभा राहिलेला असतो. 'जबाबदारीनं काम सांभाळलं' ही ओळ त्याला काहीच सांगत नाही. त्याला पाहिजे असतं काम कसलं, कुणाचं, किती रकमेचं, किती मजले, किती चौरस मीटर, कधीपासून कधीपर्यंत. आणि त्यातलं तुझं काय? गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीची शेड केली होती आम्ही. त्या कामात माझ्या हातचं म्हणावं असं एकच होतं. कॉलम पायाला धरून ठेवणारे फाउंडेशन बोल्ट. लोखंडी सांगाडा दुसरीकडं तयार होऊन ट्रकनं येणार, कॉलमच्या तळाच्या बेसप्लेटला बोल्टची भोकं आधीच पाडलेली. काँक्रीटमध्ये बोल्ट सरकला तर सांगाडा उभा राहत नाही, क्रेन भाड्यावर तिष्ठत राहते आणि मालकांचं तोंड राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांसारखं आपोआप उघडतं. मी पत्र्याचा साचा करून घेतला, टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रानं मध्यरेषा काढल्या आणि काँक्रीट पडत असताना साच्यापाशी उकिडवा बसून राहिलो. सगळे बोल्ट बसले. ती एक ओळ लिहायला आम्हा मामा-भाच्यांना अख्खी संध्याकाळ लागली, पण ती सबंध सीव्हीत सगळ्यात वजनदार आहे असं माझं मत आहे. भाच्याचं मत फॉन्ट बदलावा असं आहे.

मग पुराचा विषय निघाला. 2019च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी कधीच मागं टाकली आणि पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमची एक साइट नागाळा पार्काकडं होती. पाणी चढायच्या आदल्या रात्री तळमजल्यावरचं सिमेंट आम्ही पहिल्या मजल्यावर नेलं. जिना होता, कठडा नव्हता. मालक फोनवरून पोती मोजत होते.

भाच्यानं टाइप केलं, 'आपत्ती व्यवस्थापनात सिद्ध नेतृत्व.'

मी म्हटलं, "खोड ते. 120 पोती सिमेंट एका रात्रीत वर हलवलं, एकही भिजलं नाही, असं लिही."

"मामा, ह्येच की! आकडा पायजे असतोय!"

पन्नास किलोचं पोतं, म्हणजे झाले सहा टन. पण पुढं आडलंच. आम्ही पाचजण होतो: मी, वॉचमन, त्याची बायको आणि दोन बिगारी. एमबीत दुसऱ्याचं काम आपल्या नावावर चढवलं तर चौकशी लागते. माझ्या वाट्याला किती टन? वॉचमनची बायको माझ्या दुप्पट खेपा करत होती, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. शेवटी 'पाच जणांच्या तुकडीत' असं घातलं. भाचा म्हणाला, तुकडीचं नेतृत्व केलं म्हण. मी म्हटलं, नेतृत्व तिनं केलं.

बाकीचं भरभर उरकलं. शिक्षण अनुभवाच्या खाली गेलं. आईनं चौथीच्या स्कॉलरशिपसाठी जोर लावला, पण तिला मोकळ्या जागेचं कारण सांगितलं. स्टॅड प्रो हे इमारतीच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर काढून टाकलं, कारण मला ते उघडता आणि प्रिंट काढता येतं, एवढंच. छंदांमध्ये फूटबॉल होता तोही काढला. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींच्या संघांची मॅच असली की कोल्हापूरचा माणूस कामावर नसतो, हे पुण्यापर्यंत पोचलेलं असलं तर उगाच घोळ. 'वरील सर्व माहिती सत्य आहे' ही शेवटची ओळ मात्र मी ठेवली. भाचा म्हणाला, आता कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, ठिकाण, दिनांक आणि सही नसलेल्या कागदावर मी आयुष्यात खडीसुद्धा उतरवून घेतलेली नाही.

राहिल्या तारखा. कुठलं काम कुठल्या महिन्यात सुरू झालं ते मला पावसाळ्यावरून आठवतं, पण कंपनीला महिना आणि साल पाहिजे. काम पूर्णत्वाचे दाखले ऑफिसात असतात. मालक जेवायला गेल्याचं बघून गेलो. आमचे हिशेबनीस काका फायलींच्या ढिगामागं तंबाखू मळत बसले होते.

"काका, माझ्या कामांच्या तारखा पाहिजेत. बायोडाटा करतोय."

"तुमचा बायोडाटा? हाय की तयार. कितीचा पायजे?"

"कितीचा म्हणजे?"

"पाच कोटीच्या टेंडरचा का वीस कोटीच्या?"

सरकारी टेंडर भरताना लिफाफा क्रमांक एकमध्ये ठेकेदाराची सगळी ऐपत दाखवावी लागते: आधी केलेली तशीच कामं, यंत्रसामग्री, उलाढाल आणि तांत्रिक कर्मचारी. त्या शेवटच्या यादीत मी होतो. सुरुवातीपासून होतो. पाच कोटीच्या फायलीत मला आठ वर्षांचा अनुभव होता, तेव्हा मी नुकताच मिशा राखायला लागलो होतो. वीस कोटीच्या फायलीत मी प्रकल्प व्यवस्थापक, अनुभव पंधरा वर्षं. एका फायलीत तर मी पूलबांधणीतला तज्ज्ञ निघालो. पुलाचा माझा अनुभव म्हणजे पूर आला की शिवाजी पुलाच्या अलीकडं उभं राहून पाणी बघणं.

वाचत बसलो. काय माणूस होता तो! टोटल स्टेशन, ड्रोन सर्व्हे, पाइल फाउंडेशन, प्रीस्ट्रेसिंग. इंग्रजीही माझ्यापेक्षा स्वच्छ. फोटोत फेटा नव्हता. मला तो हाताखाली काय, वरही चालला असता. पगाराच्या रकान्यात जो आकडा होता तो बघून मी काकांकडं बघितलं. ते खिडकीकडं बघत होते.

"ह्यो पुलाचा एक पुण्यालाबी गेलाय," ते म्हणाले, "सबकाँट्रॅक्टसाठी. मागल्या दिवाळीत." मी तारखा उतरवून घेतल्या आणि निघालो. रात्री भाच्याला ही गोष्ट सांगितली तर त्याचे डोळे चमकले. "मामा, तोच पाठवू की! तयार हाय!" मी त्याला एमबीचा कायदा परत सांगितला. माझी दोन पानं, बोल्ट आणि 120 पोत्यांसकट, पाठवून दिली.

पुढच्या आठवड्यात मी साइटवर नळी लावून लेव्हल तपासत असताना पुण्याहून फोन आला. बाई बोलायला सभ्य होत्या. सीव्ही आवडला म्हणाल्या. फाउंडेशन बोल्टची ओळ त्यांच्या प्रोजेक्ट मॅनेजरनी अधोरेखित करून ठेवलीय म्हणाल्या. मग जरा थांबल्या.

"सर, एक विचारायचं होतं. आमच्या सिस्टिममध्ये तुमच्याच नावाचा अजून एक सीव्ही दिसतोय. जन्मतारीखही तीच आहे. पण त्यात पुलांचा अनुभव आहे, पंधरा वर्षांचा. नक्की कोणत्या प्रोफाइलसाठी अर्ज केलाय तुम्ही?"

पलीकडं मालकांची गाडी फाटकातून आत येत होती. मी हळू आवाजात सांगितलं, "मॅडम, तो पुलाचा माणूस मालक सोडायचे नाहीत. यायला मी एकटाच मोकळा आहे, इमारतीवाला."